वस्तीचं तळं झालं त्याची गोष्ट

आमच्या गावात बारमाही बर्फ असतो, हे मला कॉम्प्युटरनं सांगितलं तेव्हा कळलं.

मार्च संपत आलेला. बाहेर ऊन असं, की सावलीसुद्धा झाडाच्या बुडाशी अंग चोरून बसलेली. आणि इकडं पडद्यावर आश्रुबाच्या टरबुजाच्या वावरावर एक पांढराशुभ्र चौकोन, त्याखाली लिहिलेलं: 'कायमस्वरूपी हिमाच्छादित क्षेत्र'.

"विजयमाला! अगं ये, बर्फ बघ!" मी ओरडलो.

विजयमाला, म्हणजे आमच्या घरातलं वरिष्ठ कार्यालय, पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मनगटानं माझं कपाळ चाचपलं.

"अहो, आश्रुबानं टरबुजाला प्लास्टिकचा कागद आंथरलाय तो. उन्हात चमकतोय. उद्यापासून टोपी घातल्याबिगर शाळेत जाऊ नका."

मी चौसाळ्याच्या शाळेत भूगोल शिकवतो. गाव चौसाळ्यापासून जरा आत. आमच्याकडं गणिताच्या मास्तरला लोक व्याज विचारतात, मराठीच्या मास्तरकडून लग्नपत्रिका लिहून घेतात आणि भूगोलाच्या मास्तरला विचारतात, पाऊस कवा येईल. तो आला नाही तर मास्तरनं मान खाली घालून चालायचं, अशी रीत आहे. अशात सरपंच अमरसिंहराव घरी आले आणि म्हणाले, "सर, नळयोजना यायलीय. गावचा नकाशा पाठवायचाय कॉम्प्युटरवर काढून. कोन्ती जमीन कशाला वापरतेत, ते रंगवून. नकाशात जिथं वस्ती, तिथं नळ. तुमी भूगोलाचे. तुमच्याबिगर कोन काढनार?"

आजवर मला गावात कुणी असं म्हटलं नव्हतं. मी चहाचा कप खाली ठेवायचा विसरून उभा राहिलो आणि 'हो' म्हणालो.

त्याच संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या वस्तीतून सिंधुबाई आली. ग्रामपंचायतीची सदस्य. हातात रिकामी घागर होती, कारण आमच्या बाजूच्या हापशावर नंबर लावूनच ती इकडं येते. एका खेपेत दोन कामं.

"जय भीम सर. नकाशा तुमी काढायलाव म्हनं?"

"हो, सिंधुबाई."

"मागच्या नकाशात आमी नव्हतोच. तिथं नुसतं 'पडीक' लिवलं होतं. पडीक जमिनीला नळ कोन देतं? आवंदा आमाला नकाशात घ्या. बाकी काय न्हाई मागनं."

पडीक! ज्या वस्तीत दर घरापुढं शेवगा आहे, जिथल्या अंगणातली माती रोज सारवून आरशासारखी होते, जिथं उन्हाळ्यात दोन हंडे पाण्यासाठी बाया ओढा ओलांडून येतात आणि जाताना एक थेंब सांडत नाहीत, ती पडीक? माझा भूगोल पेटला. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "सिंधुबाई, या नकाशात तुमची वस्ती अशी येईल की आभाळातून दिसेल."

माणसानं भरल्या पोटी शब्द देऊ नये म्हणतात. मी तर उपाशीपोटी दिला होता.

आता बर्फाचं. नकाशाच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये जमीन-वापराची एक तयार फाईल असते. फाईल म्हणजे काय, तर साधी यादी. प्रत्येक ओळीत एक आकडा, एक नाव, एक रंग. कॉम्प्युटर उपग्रहाच्या फोटोतली जमीन बघतो, यादीतलं त्यातल्या त्यात जवळचं नाव शोधतो आणि तो रंग फासतो. पण ही यादी कुठल्या तरी लांबच्या, गारेगार मुलखात बसून कुणी केलेली. तिच्यात बर्फ होता, दलदल होती, द्राक्षमळे होते. आमच्या गायरानाला तिनं गोल्फचं मैदान ठरवलं. त्या मैदानावर आमच्या शेजारच्या तात्याबांची म्हैस सोडून दुसरं कुणी कधी उतरलेलं नाही.

मग मला शोध लागला. (शोध म्हणजे सॉफ्टवेअरच्या मदत-पानावर ते मोठ्या अक्षरात लिहिलेलंच होतं, पण अमेरिकासुद्धा आधीपासून तिथं होतीच की.) तयार फाईल बाजूला ठेवून आपली स्वतःची फाईल करता येते! आपली नावं, आपले रंग. मी खुर्चीतून उठून घरभर दोन चकरा मारल्या. विजयमालाला वाटलं, पाल निघाली.

आणि मी लिहायला बसलो. एक, वावर. दोन, माळ. तीन, गायरान. चार, बरड, म्हणजे मुरमाड, हलकी जमीन. पाच, चिबड, म्हणजे पावसात पाणी धरून बसते ती जमीन. सहा, खळं. सात, पांदीचा रस्ता. वस्ती आणि ओढा तेवढे जुन्या फाईलमधलेच राहू दिले. काय सांगू, एकेक नाव टंकताना जात्याच्या तोंडात दाणे सोडावेत तसं होत होतं. बोटं आपोआप लयीत पडत होती. कॉम्प्युटरवर फाईल करणारा माणूस सहसा गुणगुणत नाही, पण मी गुणगुणलो:

*काळं माझं वावर, त्याला मुरमाची किनार,
माळाच्या खांद्यावर डुले बाभळीचा भार.*

"चाल बरी हाय, पन नकाशात शाईनं लिवायचं असतंय, गळ्यानं न्हाई," खिडकीतून आवाज आला. तात्याबा. तात्याबा आमचे शेजारी, पूर्वी कोतवाल होते, आता सल्लागार आहेत. कुणी नेमलेले नाहीत.

"आत या, तात्या."

"आत न्हाई येत, वेळ न्हाई," म्हणत ते आत येऊन खाटेवर बसले. "सर, एक सांगा. एका जमिनीला एकच रंग?"

"हो. जो मुख्य वापर, तो रंग."

"मंग आमच्या खळ्याचा सांगा मुख्य वापर. ज्वारी निघाली की खळं. खळं झालं की पोरं चेंडू खेळतेत. उन्हाळ्यात लग्नाचा मांडव. निवडणुकीत सभा. अन पावसाळ्यात तिथंच म्हैस बसती. बोला, कोन्ता रंग?"

मी एकेक रंग लावून बघितला. शेवटी आठवी ओळ टाकली: 'सगळ्यांचं'. रंग मोरपिशी. जगातल्या कुठल्याही जमीन-वापराच्या फाईलमध्ये 'सगळ्यांचं' नावाचा वर्ग नसेल. मला त्या ओळीचा आजही अभिमान आहे, पुढं जे झालं ते होऊनसुद्धा.

गावची संमती हवी म्हणून ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये शाळेचा प्रोजेक्टर लावून मी नकाशा भिंतीवर पाडला. आपलं गाव भिंतीवर बघून माणसं आधी पुढं सरकली. मग एकेक जण उठून भिंतीपाशी गेला आणि आपल्या घरावर बोट ठेवून परत आला. भिंतीवर बोटांचे डाग पडले. मग भांडण सुरू झालं. भांडण रंगांवरून.

"माझ्या वावराला असा पिवळा कामून दिला, सर?" आश्रुबा ओरडला. "हिरवा द्या. मी बर्फावर टरबूज पिकवतो!"

बर्फाची बातमी विजयमालाकडून गावभर गेली होती.

"आरं येड्या," तात्याबा म्हणाले, "हिरवा घेतलास तर दुष्काळाच्या यादीत नाव येईल का? पिवळाच राहू दे. जमलं तर अजून थोडा वाळल्यासारखा करून घे."

हे ऐकताच ज्यांनी हिरवा मागितला होता त्या सगळ्यांनी हात खाली घेतले आणि वाळका मागितला. पाच मिनिटांत माझा सुजलाम सुफलाम नकाशा उन्हाळ्यातल्या पोत्यासारखा दिसायला लागला.

अमरसिंहराव तोवर शांत बसले होते. आता त्यांनी घसा साफ केला. "सर, आमच्या वाड्याला वेगळा रंग पाहिजे. म्हंजे वरून बघणाऱ्याला कळलं पाहिजे, हे घर कोणाचं हाय. जांभळा द्या. लांबून उठून दिसतो."

"पण साहेब, घर म्हणजे वस्ती. वस्तीला एकच..."

"फाईल तुमची हाय ना? मंग घाला की एक ओळ."

घातली. नऊ, सरपंचांचा वाडा, जांभळा. खरं सांगायचं तर मला कुणी 'फाईल तुमची हाय' म्हटलं की मी विरघळतो.

मग मागच्या रांगेतून सिंधुबाई उठली. "आमच्या वस्तीला निळा."

वस्तीतली सगळी मंडळी एकदम उभी राहिली. "निळा! निळाच!" सिंधुबाईचा नवरा बन्सी म्हणाला, "सर, आमच्या वस्तीवर झेंडा निळा, पंचशील विहाराच्या भिंतीला पट्टा निळा. नकाशात दुसरा रंग आमाला शोभनारच न्हाई."

आता मी भूगोलाचा मास्तर आहे. निळा म्हणजे पाणी, हे मी पाचवीच्या वर्गापासून फळ्यावर लिहीत आलोय. पण फाईल आपली होती! आणि आमच्या गावात पाणी कुठं आहे? एक ओढा, तो आठ महिने कोरडा, अन चार महिने त्यातून जे वाहतं ते चहाच्या रंगाचं. ओढ्याला निळा रंग देणं म्हणजे भूगोलाशी बेइमानी. म्हणून मी ओढ्याला खरा रंग दिला, राखाडी मातकट. आणि मोकळा झालेला सगळा निळा, गडद, झळझळीत निळा, दहावी ओळ घालून ओढ्यापलीकडच्या वस्तीला दिला.

भिंतीवर तो निळा चौकोन उमटला आणि वस्तीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. सिंधुबाई भिंतीजवळ गेली. तिनं बोट ठेवलं नाही, पूर्ण तळहात ठेवला. तिच्या हातावरही निळा पडला.

मला तेव्हा वाटलं, माझ्या भूगोलाचं सोनं झालं.

नकाशा आणि माझी फाईल तालुक्याच्या ऑफिसात गेली. तिथं अभिमन्यू नावाचा ऑपरेटर आहे. पोरगा कामाचा, एक ओळ वाचता वाचता तीन ओळी टाईप करतो. महिनाभर काही कळलं नाही. मग एके दिवशी तीन पत्रं आली.

पहिलं अमरसिंहरावांना. 'आपल्या औद्योगिक प्रकल्पाचे सांडपाणी कोठे सोडण्यात येते, व धुराड्याची उंची किती, याचा खुलासा करावा.'

दुसरं ग्रामपंचायतीला. 'आपल्या हद्दीतील जलाशयातील मासेमारी हक्काचा लिलाव त्वरित करावा.'

तिसरं नळयोजनेचं, मंजूर वस्त्यांच्या नावांचं. त्यात ओढ्यापलीकडची वस्ती नव्हती. खाली शेरा: 'सदर ठिकाणी जलाशय असल्याने नळजोडणी देता येत नाही.'

मी धावत तालुक्याला गेलो. धावत म्हणजे एसटीनं, पण मन पुढं धावत होतं.

"सर, तुमच्या फाईलमधली नावं माझ्या मशिनीनं घेतलीच न्हाईत," अभिमन्यू म्हणाला. "मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. काम द्यायचा शेवटचा दिवस होता. मी म्हणलं, रंग तर आलेत ना? मंग रंगावरून लावलं. जांभळा म्हंजे कारखाना, तेवढं तर सगळीकडं असतंय. राखाडी म्हंजे पक्का रस्ता. निळा म्हंजे..."

"तळं," मी म्हणालो.

"तळं," तो आनंदानं म्हणाला. "अन काय तळं हाय सर! मला वाटलं, एवढ्या कोरड्या गावात एवढं मोठं तळं, लोक नशीबवान."

 त्यानं माझ्या गावाला जे दिलं ते देवानंही दिलं नव्हतं.

गावात परत आलो तर दारात अमरसिंहराव. "सर, माझ्या वाड्याला धुराडं काढलं तुमी! पाव्हणे फोन करून इच्यारतेत, कारखाना काढला अन सांगितलं न्हाई. एका पाव्हण्यानं तर पोराला नोकरी मागितली!" नंतर कळलं की धुराड्याच्या खुलाशात त्यांनी चुलीवर बोट ठेवलं होतं आणि तिची उंची मोजून कळवली होती.

वस्तीत मात्र मी लांबच्या वाटेनं गेलो. सिंधुबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. मी पत्र वाचून दाखवलं. सूप थांबलं.

"म्हंजे पहिल्यांदी आमी पडीक होतो," ती सावकाश म्हणाली, "अन आता आमी बुडालो."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. कुठल्या वर्गातली जमीन, हेही त्या क्षणी चाललं असतं.

बन्सीनं मात्र दुसरंच पत्र हातात घेतलं होतं. "लिलाव का? आमी लावतो बोली. मासे न्हाई तर न्हाई, तळं तर आपल्या नावावर होईल."

"गप बसा बरं," सिंधुबाई म्हणाली, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्या हलण्यावर मी पुढचे दिवस काढले.

मग बीडच्या चकरा. तिथल्या मोठ्या साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "सर, वस्तीचं तळं करणं सोपं असतं. तळ्याची वस्ती करणं अवघड. जलाशय कमी करता येत नाही. नियम आहे."

"पण तिथं तळं नाहीच!"

"मग तसं प्रमाणपत्र आणा."

प्रमाणपत्रासाठी दुसऱ्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "तुमचं तळं आमच्या यादीत नाही."

"तेच लिहून द्या."

"आमच्याकडं जे आहे त्याचं प्रमाणपत्र देतो. जे नाही त्याचं कसं देणार? नसलेल्या गोष्टी किती असतात, सर, विचार करा. त्या सगळ्यांची प्रमाणपत्रं द्यायला बसलो तर..."

मी जिन्यात बसून विचार केला. खरंच, नसलेल्या गोष्टी पुष्कळ असतात. आमच्या गावात तर जास्तच. घरी आल्यावर तात्याबांनी सल्ला दिला, की नारायणगडावर देवाला जाऊन यावं, तिथं नसलेलं मिळतं. विजयमालानं सल्ला दिला, की पुढच्या वेळी कुणी 'तुमच्याबिगर कोन' म्हटलं की कप खाली ठेवायचा, बसायचं आणि 'नाही' म्हणायचं. दोन्ही सल्ले योग्य होते आणि दोन्हींचा उपयोग नव्हता.

शेवटी मोठ्या साहेबांनी ठरवलं, की प्रत्यक्ष पाहणी करावी. मे महिना. ठरलेल्या दिवशी अख्खी वस्ती शेवग्यांच्या सावलीत वाट बघत उभी. अमरसिंहरावही आले, कारण साहेबांना धुराडं नाही हे दाखवायचं होतं. दुपार झाली तरी गाडी येईना. मग ओढ्याकडून आरडाओरडा ऐकू आला.

नकाशात ओढा म्हणजे पक्का रस्ता ना! ड्रायव्हरनं मोबाईलवर माझाच नकाशा लावून गाडी सरळ ओढ्यात घातली होती. वाळूत गाडी पोटापर्यंत बसली. साहेब, सोबतचा शिपाई आणि ड्रायव्हर ओढ्याच्या पात्रातून चालत येत होते. आणि साहेबांच्या अंगात नारंगी रंगाचं फुगीर जाकीट. पाण्यात बुडू नये म्हणून घालतात ते.

"जलाशयाच्या पाहणीला हे घालणं सक्तीचं आहे," त्यांनी सगळ्यांच्या नजरांना उत्तर दिलं. घाम त्यांच्या हनुवटीवरून गळत होता. ते येऊन सिंधुबाईच्या अंगणात, अगदी मधोमध उभे राहिले. मी घाईघाईनं सांगायला लागलो, "साहेब, बघा, ही घरं, हा शेवगा, ही बालवाडी..." त्यांनी हात वर केला.

"आधी पाणी द्या. घोटभर पाणी."

 मग सिंधुबाई पुढं आली. पदर सारखा केला. आवाजात राग नव्हता, नुसतं सांगणं होतं.

"साहेब, तुमी तळ्याच्या बरोबर मधी उभे हाव. वाका अन घ्या की ओंजळीनं."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. साहेबांनी खाली बघितलं, सारवलेल्या कोरड्या जमिनीकडं. ते वाकले नाहीत, पण त्यांची मान वाकली. सिंधुबाई आत गेली. रांजणाच्या तळाला तांब्या घासल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिनं तांब्या आणून त्यांच्या हातात दिला. "प्या. सकाळचंच हाय, ओढ्यापल्याडून आनलेलं."

साहेबांनी जाकिटाची गाठ सोडली, खाली बसले आणि पाणी प्यायले. अर्धा तांब्या त्यांनी परत दिला.

"बाई, मला दिसतंय," ते म्हणाले. "पण माझ्या पाहणीच्या कागदावर तीनच रकाने आहेत. तळं भरलेलं, तळं अर्धं, तळं कोरडं. 'तळं नाही' असा रकानाच नाही." आणि त्यांनी, मनापासून वाईट वाटत, 'कोरडं' वर खूण केली.

माझ्यातला भूगोल, इतके दिवस दाबून ठेवलेला, एकदम उसळला. मी मास्तर आहे हे विसरलो, साहेब आहेत हे विसरलो. "कोरडं आहे ना? कोरडंच आहे ना तळं? मग भरा की! सरकारचं तळं आहे, सरकारनं भरावं! असं तहानेलं कशाला ठेवलंय?"

माझा आवाज शेवग्यांच्या शेंगांत घुमला. तात्याबांनी डोळे मिटले. विजयमाला तिथं नव्हती, हे माझं नशीब. वाटलं, नोकरी गेली.

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग शिपायाकडं. मग परत माझ्याकडं.

"अर्ज करा," ते म्हणाले.

"कशाचा?"

"कोरडी तळी भरायची योजना आहे ना. पाइपलाइननं पाणी आणून सोडतात. तुमच्या तालुक्यातून एकही अर्ज नाही आला अजून. तळीच नाहीत ना." ते उठले, कपडे झटकले. बोलणं कोरडं, सरकारी, पण डोळे वेगळेच. "आणि एक लक्षात ठेवा. पाणी एकदम सोडलं तर काठ खचतो. म्हणून ते बारीक धारेनं, जागोजाग सोडावं लागतं. म्हणजे तोट्या बसवून. तसा आराखडा जोडा."

 मग बन्सीनं जी आरोळी ठोकली, ती चौसाळ्याच्या हायवेवरच्या हॉटेलात ऐकू गेली असावी. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. अमरसिंहराव पुढं होऊन म्हणाले, "साहेब, पाइप आमच्या वावरातून न्या, हरकत न्हाई. फक्त तेवढं धुराडं..." मी, भूगोलाचा मास्तर, दोन्ही हात वर करून अंगणात नाचलो, आणि सगळ्या पोरांनी ते बघितलं. गेली शिस्त ती गेली.

गाडी ओढ्यातून काढायला वस्तीतली सगळी माणसं गेली. ढकलताना साहेबांनीही खांदा लावला. जाकीट मात्र तिथंच विसरले. ते आता बन्सीची नात गारठ्यात गादीसारखं अंगाखाली घेऊन झोपते.

अर्ज केला, आराखडा जोडला. पावसाळा सरता सरता ओढ्याच्या काठाकाठानं पाइप आला. नळयोजना अजून टेंडरमध्ये अडकली होती, पण तळं भरायचं काम तातडीचं म्हणून पुढं सरकलं. वस्तीत घरटी एक तोटी बसली. वस्तीच्या तोंडाशी पाटी लागली: 'जलाशय भरण केंद्र'.

पहिल्या दिवशी पाणी सोडलं तेव्हा मी तिथं होतो. आधी तोटी खाकरली, मग गढूळ, मग लख्ख. कुणी नारळ फोडला, कुणी निळा रुमाल तोटीला बांधला. आणि सिंधुबाईनं घागर खाली ठेवून, बाकीच्या बायांकडं बघत सूर धरला:

*निळं माझं तळं बाई, त्याला काठ न्हाई कुठं,
माझ्या उंबऱ्याशी त्याची पहिली लाट उठं.*

आता एकच बारीकशी अडचण आहे. योजनेच्या अटीप्रमाणे तळ्याची पातळी दर महिन्याला कळवावी लागते, आणि त्यासाठी गावानं, अर्थातच, मला नेमलं आहे. बिनपगारी. तळं भरलं असं ज्या महिन्यात कळवलं, त्या महिन्यात पाणी बंद. म्हणून महिना संपत आला की मी मोजायची काठी घेऊन वस्तीत जातो. इज्जतीनं जातो. जिल्ह्यात एवढ्या कोरड्या तळ्याची जबाबदारी दुसऱ्या कुठल्या भूगोलाच्या मास्तरवर नाही.

परवाही गेलो. सिंधुबाई तोटीखाली गोधडी धूत होती. पाणी घागरीतून ओसंडून अंगणभर पसरलेलं, शेवग्याच्या बुडाशी डबकं, कोंबड्या पाय झटकत फिरत होत्या. मी काठी टेकवली, ती चिखलात रुतली.

"काय लिहू, सिंधुबाई?"

तिनं घोट्यापर्यंत बुडालेले पाय बघितले. मग माझ्याकडं बघून गंभीरपणानं म्हणाली, "लिवा सर. कोरडंठाक."